नाकसाहेबांनी पास केलेला वेल

काकूंनी नाकसाहेबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काकू नव्हत्या आणि ते साहेब नव्हते. नाक मात्र होतं. किंबहुना तेवढंच होतं.

काकू तेव्हा गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात मशीनवर बसायच्या. एका दुपारी दुकानात एकाएकी अंधारून आलं. वीज गेली असं समजून मालक फ्यूज बघायला उठले. फ्यूज शाबूत होता. दारातून एक नाक आत येत होतं. ते आलं, आणखी आलं, येतच राहिलं. काउंटर ओलांडून, कापडाच्या ताग्यांना वळसा घालून ते काकूंच्या मशीनपाशी थांबलं आणि मग बऱ्याच वेळाने, मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा यावा तसा, त्याला जोडलेला एक किरकोळ अंगाचा तरुण आत आला. त्याच्या हातात पांढरा कोट होता.

"हा तुम्ही शिवलात?"

"हो. का? उसवला?"

"वास येतोय."

"नवा आहे. नव्या कापडाला येतोच."

"कापडाचा नाही." त्याने कोट नाकाशी धरला आणि समाधी लागल्यासारखे डोळे मिटले. "मशीनचं तेल. खडू. आणि डाव्या बाहीला लसूण. परवाचा. तुम्ही जेवून हात धुतलेत, पण घाईत. अंगठा राहिला."

काकूंनी अंगठा हुंगला. दुकानातल्या बाकीच्या जणींनीही, कोणी न सांगता, आपापले अंगठे हुंगले.

"बाई गं," शेजारच्या मशीनवरची मैत्रीण पुटपुटली, "याच्याशी लग्न करील तिचं काही खरं नाही."

काही महिन्यांनी काकूंनीच त्याच्याशी लग्न केलं. पुढे कोणी कारण विचारलं की त्या म्हणायच्या, "माहेरी आम्ही एवढी भावंडं, की मी जेवले का नाही याचाही कुणाला पत्ता नसायचा. आणि याला मी परवा काय खाल्लं ते कळलं. भुलले, झालं!"

तरुण साबणाच्या कारखान्यात होता. काम एकच, वास घेणं. साबणाचा नवा घाणा निघाला की त्याचा तुकडा, किंवा नवं अत्तर आलं की त्यात बुडवलेली कागदाची पट्टी, त्याच्यासमोर ठेवली जायची. तो हुंगायचा. मग आपला हात दुमडून स्वतःच्या कोपराचा खळगा हुंगायचा, कारण दोन वासांच्या मधे नाकाला विसावा लागतो आणि स्वतःच्या कातडीइतका बिनकामाचा वास जगात दुसरा नाही. मग पुन्हा तुकडा हुंगायचा. आणि मग म्हणायचा "पास" किंवा "परत". त्या एका शब्दावर कढया रिकाम्या व्हायच्या, मालमोटारी थांबायच्या, मॅनेजरला घाम फुटायचा आणि त्या घामाचाही वास त्याला कळायचा. कामगारांनी त्याचं नाव नाकसाहेब ठेवलं ते कुचेष्टेने. पण त्याला ते पदवीसारखं वाटलं आणि त्याने ते मनापासून वापरायला घेतलं.

या पदवीची किंमत घरच्यांनी मोजली. "उद्या नाकाला काम आहे" हे वाक्य त्या घरात कायद्यासारखं होतं. उद्या नाकाला काम आहे, तेव्हा कांदा परतायचा नाही. पावडर नाही, सुवासिक तेल नाही, केसात फूल तर नाहीच नाही. कारखान्यातून फुकट मिळणारे गुलाबाचे, चंदनाचे, मोगऱ्याचे साबण नाकसाहेब परस्पर वाटून टाकायचे आणि साबणवाल्याचं कुटुंब कपडे धुवायच्या पिवळ्या वडीने आंघोळ करायचं. एकदा लेक मैत्रिणीकडून मानेला पावडर लावून आली, तर तिला वास उडेपर्यंत पायरीवर बसवून ठेवलं होतं. वारा पडलेला होता. पोरीने गृहपाठ तिथेच केला.

काकूंची तक्रार एकच होती. त्यांच्या माहेरी मागच्या अंगणात, नळाच्या वर, हनीसकलचा वेल होता. संध्याकाळी पाणी भरायला गेलं की तो वास अंगावर यायचा. भावंडं नळावर भांडायची, आई आतून ओरडायची, बादली गळायची आणि या सगळ्यावरून तो गोड वास शांतपणे वाहत असायचा. आयुष्यात फुकट मिळालेली आणि कोणाबरोबर वाटून घ्यावी न लागलेली काकूंची ती एकच चैन. समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला त्यांचं शिवणयंत्र होतं, शेजारी खाट होती. त्या खिडकीवर एक हनीसकल असावा, एवढीच त्यांची मागणी.

"रिटायर झालो की लावू," नाकसाहेब म्हणायचे. "शब्द. पण मी निवडीन. हनीसकलचे प्रकार असतात. ते काम नाकाचं आहे, हौशीचं नाही."

काकूंनी तो शब्द जपून ठेवला. लोक दागिने ठेवतात तसा.

नाकसाहेब रिटायर झाले. भाषणं झाली. 'असं नाक पुन्हा होणे नाही' असं मॅनेजर म्हणाले आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा जरा सुटल्यासारखा का दिसला, हे काकूंना तेव्हा कळलं नाही. पुढच्याच आठवड्यात नाकसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, कोपरापर्यंत बाह्या वर करून, बायकोला घेऊन गावाबाहेरच्या नर्सरीत गेले. भर दुपारी.

नर्सरीवाली बाई बोलकी होती. "वासासाठीच हवा ना, काकू? मग हा घ्या. फुलं पांढरी, दुसऱ्या दिवशी पिवळी पडतात. दिसायला यथातथाच. आत्ता उन्हात तो झोपलेला असतो, संध्याकाळी या आणि बघा. आणि हा लाल आहे ना, हा नुसता देखणा. याला वास नाही."

"नाही म्हणजे?" नाकसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे नाहीच."

"बाई, वास नाही असं नसतं. घेणारा नसतो."

आणि ते लाल वेलाच्या कुंडीवर वाकले. फुलांचा झुबका मोठा झोकदार होता, लांब नळ्यांचा, कोणीतरी बारीक लाल कर्णे एकत्र बांधावेत तसा. नाकसाहेबांनी तो नाकाशी धरला. मग कोपर हुंगलं. मग पुन्हा झुबका. मग आकाशाकडे बघत म्हणाले, "मध. मधाच्या पोटात लवंग. आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिंबाची साल. पास!"

एरवी काकूंनी मान डोलावली असती. पण त्या कुंडीच्या अगदी खाली, नाकसाहेबांच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर, मासळीच्या खताचं पोतं उघडं पडलं होतं. त्याच्यासाठी नर्सरीवालीने तोंडाला फडकं बांधलं होतं. काकू पदर नाकाला लावून चार पावलं लांब उभ्या होत्या आणि तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फाटकापाशी एक कुत्रं तेवढ्यासाठी आत यायला तयार नव्हतं. आणि त्या पोत्यावर ओणवे होऊन नाकसाहेब लिंबाची साल शोधत होते.

नर्सरीवालीने काकूंकडे बघितलं. काकूंनी नर्सरीवालीकडे बघितलं. मग नर्सरीवालीने मुकाट्याने लाल वेल कागदात गुंडाळला.

घरी येताना काकूंच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. मागच्या महिन्यात गॅसवर दूध करपून कोळसा झालं, तेव्हा हे तिथेच स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. आणि कारखान्याचे साबण! गेली कित्येक वर्षं त्या गुलाबाच्या साबणाने आंघोळ केलेला माणूस पंक्चर काढून आल्यासारखा वास मारायचा. सगळ्या गावाला तो यायचा. पण नाकसाहेबांनी पास केलाय म्हटल्यावर जो तो आपलंच नाक बिघडलं असेल असं समजून गप्प बसायचा.

म्हणजे नाक केव्हाच गेलं होतं. आणि आपण कांदा परतायचं थांबलो होतो!

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी लेकीला फोन लावला.

"सांगून टाक ना तोंडावर," लेक म्हणाली. "म्हणावं, बाबा, तुम्हाला वास येत नाही. मला पायरीवर बसवलं होतं त्याचीही भरपाई मागून घे."

"सांगतेच," काकू म्हणाल्या आणि तावातावाने स्वयंपाकघराकडे निघाल्या.

दारातच त्या थबकल्या. नाकसाहेब ओट्याशी पाठमोरे उभे होते. ओट्यावर व्हिनेगरची बाटली, कॉफीचा डबा, चिरलेला कांदा, रॉकेलचा कॅन, सगळं रांगेने मांडलेलं. ते एकेक हुंगत होते. मधे कोपर हुंगत होते. मग पुन्हा पहिल्यापासून. कांदा त्यांनी इतका जवळ धरला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. पाणी येत होतं, तेवढंच. शेवटी त्यांनी डबे जागच्या जागी ठेवले, ओटा पुसला आणि बाही खाली करून बटण लावलं.

काकू पाऊल न वाजवता मागे फिरल्या. या माणसाला ठाऊक होतं तर. भलतीच पंचाईत झाली. माहीत नसतं तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. माहीत असलेल्याला काय सुनावायचं?

लेकीचा पुन्हा फोन आला. "सांगितलंस?"

"नाही. काढला विचार डोक्यातून."

"आणि तुझा हनीसकल?"

"तो नाही काढला," काकू म्हणाल्या.

लाल वेल खिडकीच्या उजव्या अंगाला लागला. नाकसाहेबांनी तो थाटात लावला. खड्डा त्यांच्या गुडघ्याएवढा. मुळं सावलीत आणि शेंडा उन्हात हवा, म्हणून बुंध्याभोवती फुटकी कौलं रचली. भिंतीला खिळे ठोकून तारा ओढल्या. ठोकताना एक खिळा आतल्या खोलीत काकूंच्या आरशातून बाहेर आला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून हनीसकलवर व्याख्यान सुरू झालं आणि खताचा तर असा मारा झाला की वेलाला अपचन व्हावं.

दोन दिवसांनी काकू एकट्याच नर्सरीत जाऊन आल्या. खिडकीच्या डाव्या अंगाला एक बारकं रोप दिसायला लागलं.

"हे काय?" नाकसाहेबांनी विचारलं.

"घेवडा."

"घेवडा? माझ्या हनीसकलशेजारी?"

"तुम्ही वास खा. मला भाजी लागते."

पहिल्या मोसमात लाल वेल फुलला आणि पायऱ्यांवर दरबार भरायला लागला. संध्याकाळी नाकसाहेब खुर्ची टाकून बसायचे. पलीकडच्या घरातला, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला ड्रायव्हर रोज हजर असायचा.

"घ्या, ड्रायव्हर. खोल घ्या."

ड्रायव्हरने छाती फुगवून श्वास घेतला. "वा! साहेब, एकदम... हे आपलं... फूल!"

"फूल नव्हे. मध. मग?"

"मग... लवंग?"

"शाबास! आणि शेवटी?"

"शेवटी जरा डिझेल येतंय, साहेब."

"ते तुमचं तुमच्या शर्टाचं आहे. लिंबाची साल! पुन्हा घ्या."

ड्रायव्हर पुन्हा घ्यायचा. गल्लीतले सगळेच घ्यायचे. श्वास ओढून ओढून एका म्हाताऱ्याला घेरी आली, तर 'फार तीव्र आहे हो तुमचा वेल' अशी त्याचीही कौतुकातच भर पडली. 'मला काही येत नाही' असं म्हणायची एकाची टाप नव्हती. काकू आत मशीन चालवत हे ऐकायच्या आणि ओठ आवळून सुईत दोरा ओवायच्या.

घेवडा मात्र उनाड निघाला. त्याला ना कौलं, ना खत, ना व्याख्यान. तो आपला कपडे धुतलेल्या पाण्यावर वाढला, खिडकी चढला, तारांवरून उजवीकडे गेला आणि लाल वेलाच्या गळ्यात गळा घालून बसला. दुसऱ्या मोसमात दोघांची अशी वेणी झाली की कुठला कोणता ते सांगता येईना.

"याला शेंगा कधी धरणार?" नाकसाहेबांनी विचारलं.

"यंदा नुसतं फूलच दिसतंय."

आणि एका संध्याकाळी ते फूल उमललं. काकू शर्टाच्या कॉलरला टीप घालत होत्या. खिडकीतून काहीतरी आत आलं आणि त्यांचा पाय मशीनवर थांबला. नळ, बादली, भावंडं, आईची हाक. सगळं जसंच्या तसं. त्या कितीतरी वेळ कॉलर हातात धरून बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे मागितलेली एकुलती एक गोष्ट, स्वतःच जाऊन आणलेली, मिळाली होती.

तेवढ्यात बाहेरून ड्रायव्हरची आरोळी आली. "साहेब! अहो साहेब! आला! खरंच आला!"

"खरंच म्हणजे?"

"म्हणजे... रोज येतोच. पण आज खरंच!"

गल्ली लोटली. लोक डोळे मिटून उभे राहिले आणि या खेपेला कोणाला श्वास ओढावा लागला नाही. नाकसाहेब मधोमध उभे राहून सत्कार घेत होते. "खतावर असतं हो सगळं. आणि निवडीवर. नर्सरीवाली दुसराच कुठला तरी माथी मारत होती. मी म्हटलं, बाई, मला शिकवू नका."

काकूंनी खिडकी जरा आपटूनच लावली. वास आत राहावा म्हणून.

चारेक दिवसांनी नाकसाहेबांच्या लक्षात आलं, की वेलावर लाल कमी आणि पांढरं-पिवळंच जास्त दिसतंय. ते मोठी कात्री घेऊन बाहेर आले. ड्रायव्हर होता, आणखी दोघं होते.

"हा घेवडा माझ्या वेलाला गिळतोय. आज याचा निकालच लावतो."

काकू हातातला शर्ट टाकून धावल्या. "अहो, थांबा!"

"का थांबू? शेंग नाही, वास नाही, नुसता पसारा!"

ते असं म्हणाले तेव्हा त्यांच्या डोक्याभोवती पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा असा घमघमाट होता की ड्रायव्हरने तोंड उघडलं. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. एक वाक्य पुरेसं होतं. 'अहो, वास याच फुलांना आहे.' पण ते वाक्य गल्लीत पडलं असतं तर त्याच्याबरोबर नाक पडलं असतं, पदवी पडली असती आणि नाकसाहेब नावाचा तो किरकोळ अंगाचा माणूस नाकाशिवाय उभा राहिला असता. आणि वाक्य गिळलं, तर वेल जाणार होता.

काकूंनी खालच्या बाजूला, तारांखाली, दोरासारख्या पिळलेल्या बुंध्यांकडे पाहिलं. मग शांतपणे बोट दाखवलं.

"कापायचाच असेल तर नीट कापा. घेवडा हा."

बोट उजव्या बुंध्यावर होतं. लालच्या.

नाकसाहेब बिचकले. "हा? माझा वेल उजवीकडे लावला होता ना?"

"मुळं सरकतात. एवढं खत घातल्यावर सरकणार नाहीत तर काय? आणि मला कशाला विचारता? नाक आहे ना?"

आता मागे फिरायची सोय नव्हती. तिघं बघत होते. नाकसाहेब गुडघ्यांवर बसले, फुटकी कौलं बाजूला केली आणि उजवा बुंधा हुंगला. कोपर हुंगलं. डावा बुंधा हुंगला. बुंध्याला मातीशिवाय कसला वास असणार? पुन्हा कोपर. मग त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. क्षणभरच. काकूंनी नजर हलवली नाही.

"हिचं बरोबर आहे," ते उठत म्हणाले. "डाव्यात मध आहे. उजवा परत!"

आणि स्वतः निवडलेला, स्वतः पास केलेला वेल त्यांनी स्वतःच्या हाताने बुंध्यातून कापला.

आठवड्यात लाल झुबके सुकले, पानं वाळून रस्त्यावर आली. डावा वेल सगळ्या तारांवर एकटा पसरला, पांढरा आणि पिवळा. गल्ली पेचात पडली. शेवटी ड्रायव्हरने धीर करून विचारलं, "साहेब, ते लाल कुठे गेलं?"

"लाल रंग कच्चा असतो," नाकसाहेब म्हणाले. "खत अंगी लागलं की उडतो. वास पक्का. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"आणि वहिनींचा घेवडा?"

"तो मी कापला नाही का? तुमच्यासमोर!"

ड्रायव्हरने मान डोलावली आणि खोल श्वास घेतला.

आता काकूंचं सांगायचं तर, पहिला आठवडा त्या रोज संध्याकाळी खिडकीशी बसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखायला लागलं. जन्मभर पिवळ्या वडीने आंघोळ केलेल्या त्यांच्या नाकाला एवढ्या वासाची सवयच राहिली नव्हती. डोक्याला फडकं बांधून पाहिलं, गोळ्या घेतल्या, खिडकी लावून पाहिली. दिवस मावळला की कपाळ ठणकायचंच. डॉक्टरांनी वासापासून लांब राहा म्हणून सांगितलं.

काकू आता मागच्या खोलीत झोपतात. शिवणयंत्रही तिकडेच नेलं. खिडकीजवळच्या खाटेवर नाकसाहेब झोपतात. त्यांना काही त्रास होत नाही.